सकाळी सहाची बादली: ऐरोलीतल्या एका घरगुती सोलर वॉटर हीटरचं प्रकरण

ऐरोलीत सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे, खाली दोन खोल्या, वर दोन, आणि त्यावर स्वतःची गच्ची. माझ्या मित्राचं घर. मित्र, वहिनी, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि काका-काकू असे पाच जण. काका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर झालेत, आणि काकू घरून डबे देतात, आजूबाजूला भाड्याने राहणारी आयटीतली पोरं आहेत ना, त्यांचे दुपारचे डबे. या घरात गरम पाणी दिवसातून दोनदा लागतं आणि सोलर हीटरचं पुढचं सगळं डिझाइन याच एका गोष्टीवर ठरलं म्हणून आधीच सांगून ठेवतो. सकाळी सहा ते साडेआठ आंघोळी, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास परत आलेले तेलकट डबे धुणं. आंघोळीला १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर होता, डब्यांसाठी काकू मोठ्या पातेल्यात कमर्शियल सिलिंडरवर पाणी तापवायच्या.

काकांनी स्वतः एक प्रयोग आधीच करून बघितला होता. ठिबकचा १६ मिमीचा काळा पाइप, १०० मीटरचं बंडल आणून गच्चीवर वेटोळं पसरलं, एक टोक वरच्या टाकीला आणि दुसरं खाली बाथरूमच्या नळाला. दुपारी नळ सोडला की चटका बसेल असं पाणी यायचं, घरात सगळे खूश. पण बादली भरायच्या आत ते गार व्हायचं आणि सकाळी तर रात्रीच्या हवेइतकंच गार. काकांचं म्हणणं पाइप कमी पडतोय, अजून १०० मीटर टाकू. आता हिशोब बघा, त्या पाइपचा आतला व्यास साधारण साडेतेरा मिमी, म्हणजे १०० मीटर पाइपात पाणी मावतं जेमतेम १४ लिटर. आंघोळीची बादलीच १८ लिटरची. पाइप डबल केला असता तरी दुपारी दीड बादली मिळाली असती आणि सकाळी परत शून्य, कारण उघड्यावर पडलेला पाइप दिवसा जितक्या पटकन तापतो तितक्याच पटकन रात्री निवतो. त्या वेटोळ्यात ऊन पकडायची सोय होती, साठवायची नव्हतीच.

मला या विषयात सगळ्यात जास्त जे खटकतं ते इथेच आहे. घरगुती सोलर हीटर बनवणारे जवळपास सगळे लोक दुपारी तीनला पॅनलच्या, म्हणजे ऊन पकडून पाणी तापवणाऱ्या पेटीच्या, तोंडाशी थर्मामीटर धरतात आणि "७० अंश आलं!" म्हणून फोटो काढतात. दुपारी तीनला ७० अंश पाणी कोणाला हवंय? मुंबई-ठाण्याच्या उन्हात काळा रंग मारलेलं काहीही तापतं, त्यात काही कौशल्य नाही. हीटर किती एफिशियंट आहे ते सकाळी सहाला बाथरूममधल्या बादलीत थर्मामीटर बुडवून कळतं. तोपर्यंत त्या उष्णतेला टाकीत तेरा तास काढायचे असतात आणि नंतर दोन मजले पाइपातून खाली यायचं असतं. काकांना मी हेच म्हटलं की आपण बादलीपासून उलटं मोजत वर जाऊ, पॅनल शेवटी. काका फिटर माणूस, त्यांना लगेच पटलं.

तर बादलीपासून. जानेवारीत टाकीचं गार पाणी सकाळी २३-२४ अंश असतं, आंघोळीला ४० अंश पुरतं. हॉट लाइनला ४८ ते ५० अंश पाणी आलं तर १८ लिटरच्या बादलीत साधारण ११-१२ लिटर गरम आणि बाकी गार. पाच जणांत एक लहान मूल, सहा बादल्या धरल्या, म्हणजे सकाळी ७० ते ७५ लिटर गरम पाणी हवं. डब्यांना दुपारी ३० लिटर. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकीचं सगळं वहीवर होतं. आंघोळीचे अंदाजे २००० आणि डब्यांचे ९००, त्यात रात्रीची गळती मिळवून तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी रोजच्या, म्हणजे साडेतीन-चार युनिट.

गंमत म्हणजे डब्यांचं पाणी दुपारी लागतं हा या घराचा मोठा फायदा आहे. डबे साडेतीनला धुवून झाले की तेवढं गार पाणी टाकीत खालून शिरतं आणि त्यानंतरही तास-दीड तास ऊन असतं, म्हणजे तीच १०० लिटरची टाकी १३० लिटरचं काम करते. फक्त काकूंनी चार वाजायच्या आत डबे उरकायचे, एवढी एक अट. संध्याकाळी सातला धुतले असते तर सकाळच्या आंघोळीचंच पाणी खर्च झालं असतं. म्हणून कोणीही विचारलं की किती लिटरचा बनवू, तर मी आधी विचारतो पाणी किती वाजता लागतं.

दुसरी गोष्ट हवामानाची. या विषयावर जे व्हिडिओ आणि ड्रॉइंग फिरत असतात ते बहुतेक थंड देशांतले. त्यात डबल काच, पाण्यात अँटिफ्रीझ, टाकीत हीट एक्स्चेंजरची कॉइल, पंप, सेन्सर असं सगळं असतं आणि आपली माणसं ते बघून घाबरतात किंवा उगाच खर्च करतात. तिथे पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो म्हणून ते करावं लागतं. ऐरोलीत थंडीच्या दिवसांत पहाटे १६-१८ अंश असतं, इथे गोठायचा प्रश्नच नाही, त्यामुळे नळाला येणारंच पाणी सरळ पॅनलमधून फिरवता येतं. शिवाय पॅनलमधून किती उष्णता हवेत निसटणार हे पॅनल आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं, आणि दुपारी हवाच ३० अंश असेल तर तो फरक कमी. एक काच पुरते. घरगुती पॅनलला आपल्याकडे हवामानच मदत करतं, ते वापरून घ्यायचं.

आता ऊन किती आणि कुठून. गच्चीच्या पूर्वेला सात मजली बिल्डिंग आहे, थंडीत साडेनऊपर्यंत गच्चीवर सावली. दक्षिण मोकळी, पश्चिम मोकळी. नियमाने पॅनल दक्षिणेला तोंड करून ठेवतात, पण सकाळचं ऊन मिळणारच नसेल तर त्याची वाट बघून उपयोग काय, म्हणून आम्ही तोंड थोडं पश्चिमेकडे वळवलं, साधारण १५ अंश. कल ३५ अंशांचा ठेवला. पुस्तकात अक्षांशाएवढा कल सांगतात, ऐरोलीचा अक्षांश १९ च्या आसपास, म्हणजे १९-२० अंश, पण तो वर्षभराच्या सरासरीसाठी. आपल्याला गरम पाणी डिसेंबर-जानेवारीत हवं असतं. डिसेंबरच्या शेवटी इथे भर दुपारीसुद्धा सूर्य फक्त ४७ अंश वर येतो, त्याला उभट पॅनल लागतं. मे मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो, तेव्हा उभं पॅनल कमी पकडतं आणि ते बरंच आहे, मे महिन्यात उकळतं पाणी कोणालाच नको असतं आणि जून-जुलैला तर ढगच असतात.

सावली वजा जाता थंडीत पॅनलच्या एका चौरस मीटरवर दिवसाला साडेचार ते पाच युनिट ऊन धरलं. घरी बनवलेलं पॅनल त्यातलं ४० टक्के पाण्यात उतरवेल असं धरून चालायचं, जास्त धरू नये. दोन चौरस मीटरला साडेतीन ते चार युनिट. वर काढलेली गरज तेवढीच. पॅनलचं माप असं ठरलं.

काचेवरून काकांशी बरीच चर्चा झाली. एक दुकान तोडत होते तिथून त्यांना १२ मिमीची टफन दाराची काच फुकट मिळत होती. फुकटची गोष्ट नाकारायला जड जातं पण मी नको म्हटलं. काच एका मिमीला दर चौरस मीटर अडीच किलो भरते, म्हणजे दोन चौरस मीटरला १२ मिमीची काच ६० किलो, ती गच्चीवर चढवायची आणि वाऱ्यात सांभाळायची. आणि काचेच्या कडेकडून बघा, हिरवी दिसते, तो तिच्यातला लोखंडाचा अंश, काच जितकी जाड तितकं जास्त ऊन ती स्वतःच खाते. ४ मिमीची टफन काच २० किलोत होते. टफन काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, त्यामुळे आधी काच ठरवायची आणि तिच्या मापाने पेटी बनवायची, उलटं केलं तर फसतो माणूस. आम्ही ७ फूट बाय ३ फूट काच काढून घेतली.

पॅनलचं आतलं काम काकांनी केलं आणि ते खरंच बघण्यासारखं आहे. अर्धा इंची तांब्याचे आठ उभे पाइप, एसीवाले वापरतात तोच पाइप, मधलं अंतर ११ सेंटीमीटर, वर आणि खाली एक इंची तांब्याचे हेडर, म्हणजे हे आठही पाइप ज्यांना जोडतात ते आडवे पाइप. जोड एसी मेकॅनिककडून ब्रेझिंग करून घेतले, साध्या शिशाच्या सोल्डरने नाही, शिसं आंघोळीच्या पाण्यात कशाला. मग अर्ध्या मिमीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला पाइपाच्या मापाची खोबण पाडून तो पाइपावर घट्ट बसवला. खोबण पाडायला काकांनी दोन अँगल आणि एक गोल सळई घेऊन स्वतःच डाय बनवली. पाइप आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी हवा मध्ये येते आणि उष्णता पत्र्यातच अडकते, पत्रा तापतो पाणी नाही. काका प्रत्येक पट्टी बसवून नखाने दाबून बघत होते, हलली की परत काढायची. पत्राही तांब्याचा घेतला असता तर अजून छान झालं असतं पण खर्च बराच वाढला असता. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि ओलावा आला की अॅल्युमिनियम सडतं, आणि खाडी तर इथे जवळच आहे, म्हणून पेटी आतून कोरडी राहणं फार महत्त्वाचं. काचेला ईपीडीएम रबराची बीडिंग, कडेने सिलिकॉन, आणि पेटीच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं ठेवली, आतला दमटपणा तिथून निघून जातो. भोकं नकोत पाणी जाईल असं शेजारच्यांचं म्हणणं होतं पण पूर्ण बंद पेटीत काचेला आतून घाम धरतो आणि सकाळचा तासभर ऊन त्या घामातच जातं.

रंग मॅट काळा, बाइकच्या सायलेन्सरला मारतात तो, पातळ हात. चकचकीत ऑइलपेंट नको. पत्र्यामागे ५० मिमी रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडाची लोकर. थर्मोकोल अजिबात नाही, स्वस्त आहे म्हणून लोक घालतात पण पाणी फिरायचं थांबलं तर पॅनलच्या आत १०० अंशांच्या वर जातं आणि थर्मोकोल ८० च्या आसपासच आकसायला लागतो.

टाकीसाठी काकांच्या डोक्यात निळा ड्रम होता. एमआयडीसीत केमिकलचे रिकामे ड्रम मिळतात ते. ते कधीही, कशासाठीही घरात वापरू नका, धुवून आतलं जात नाही आणि गरम पाण्याने तर अजून सुटतं. स्टेनलेस ३०४ ची १०० लिटरची आडवी टाकी फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली. उभी टाकी जास्त चांगली, गरम पाणी वर आणि गार खाली नीट वेगळं राहतं, पण आमच्याकडे उंचीच नव्हती, ते पुढे येतंच. टाकीभोवती ५० मिमी रॉकवूल, वर पत्र्याचं कव्हर, आणि टाकी स्टँडवर टेकते तिथे लाकडी ठोकळे, नाहीतर स्टँडच्या लोखंडातून उष्णता खाली उतरत राहते. टाकीत गार पाणी शिरतं त्या तोंडाला आत एल्बो लावून तळाकडे वळवलं, म्हणजे धार वर उसळून गरम पाणी ढवळत नाही.

टाकी गुंडाळण्यावर मी एवढा जोर का देतो तर हिशोब बघा. संध्याकाळी पाचला ५५ अंश पाणी उघड्या टाकीत ठेवलं तर सकाळी सहापर्यंत ते ३० च्या आसपास येतं. दिवसभराची कमाई रात्रीत हवेला गेली. ५० मिमी रॉकवूलमध्ये तेच पाणी ४८-४९ राहतं. पॅनलवर कितीही डोकं लावलं, सिलेक्टिव्ह कोटिंग (ऊन शोषणारा पण उष्णता फारशी बाहेर न टाकणारा खास लेप) केलं, आरसे लावले, तरी एवढा फरक कशानेच पडणार नाही, आणि रॉकवूल सगळ्या सामानात स्वस्त.

पंप नाही. पॅनलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी जड म्हणून पॅनलमध्ये उतरतं, थर्मोसायफन. पण या ओढीचा जोर किती असतो ते लोकांना माहीत नसतं. २० अंश आणि ५० अंश पाण्याच्या घनतेत जेमतेम एक टक्का फरक, म्हणजे मीटरभर उंचीला फक्त सेंटीमीटरभर पाण्याचा दाब. एवढ्याशा जोरावर सगळं फिरायचं असतं. म्हणून पॅनल-टाकीमधले पाइप एक इंची, एल्बो कमीत कमी, आणि पाइप पॅनलकडून टाकीकडे सतत चढता, मध्ये कुठेही उंचवटा नाही, नाहीतर तिथे हवा अडकते आणि सगळं ठप्प. गार पाणी खालच्या एका कोपऱ्यातून आत, गरम पाणी तिरकं समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर, म्हणजे आठही पाइपांत सारखं वाहतं. टाकीवर एअर व्हेंट, म्हणजे हवा आणि वाफ निघून जायचा उघडा पाइप, त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या भरलेल्या लेव्हलपेक्षा वर.

सगळं जोडून झालं, पाण्याचा प्रेशर घेऊन लीक बघितले, आणि मोजायला लागलो. टाकीत वरच्या भागात प्रोब सोडलेला, दुसरा थर्मामीटर बाथरूममध्ये. संध्याकाळी पाचला ५५. हिशोबाप्रमाणे अगदी. सकाळी सहाला यायला हवं होतं ४८-४९, आलं ४१. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी थोडं कमीच. बादलीत ३९. म्हणजे रात्रीत सहा-सात अंश जायचे तिथे चौदा चाललेत. दुपारी मोजून खूश झालो असतो तर हे कधीच कळलं नसतं, सगळ्यांनी म्हटलं असतं की घरगुती आहे, एवढंच होणार.

काकांना वाटलं रॉकवूल कमी पडलं, अजून एक थर देऊ. पण ५० मिमी रॉकवूलमधून चौदा अंश जाऊच शकत नाहीत, हिशोबच बसत नाही, म्हणजे उष्णता दुसऱ्या वाटेने जातेय. ती वाट शोधायला उपकरण लागत नाही, पहाटे पाचला गच्चीवर जाऊन पॅनलच्या वरच्या हेडरला हात लावायचा. रात्रभर मोकळ्या आभाळाखाली पडलेलं पॅनल पहाटे हवेपेक्षाही गार लागायला पाहिजे. हेडर कोमट होता. पहाटे पाचला, सूर्य नसताना, पॅनल कोमट! म्हणजे टाकीतलं गरम पाणी रात्रभर पॅनलमध्ये येत होतं, तिथे निवत होतं आणि परत टाकीत जात होतं. दिवसा जो थर्मोसायफन सुलटा चालतो तोच रात्री उलटा.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण घरी बनवलेल्या कितीतरी हीटरमध्ये हेच होत असतं आणि कोणाला पत्ता नसतो. स्वच्छ आभाळाच्या रात्री पॅनल आपली उष्णता सरळ आकाशात फेकतं आणि गार पडतं. टाकीकडे चढणारा पाइपही गार होतो. त्यातलं पाणी जड होऊन उलटं खाली सरकायला लागतं आणि त्याच्या मागोमाग टाकीतलं वरचं गरम पाणी ओढलं जातं. टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या टोकापेक्षा निदान एक फूट उंच असला तर हा उलटा फेरा बहुतेक बंद राहतो. आमच्या ड्रॉइंगमध्ये फूट होता. टेप लावून बघितलं तर चार इंच. फॅब्रिकेटरने टाकीचं स्टँड आठ इंच कमी उंच केलं होतं, कारण जिन्याच्या खोलीवर गार पाण्याची टाकी आहे, गरम टाकी तिच्या खाली राहायला हवी आणि त्याला वाटलं जागा फार टाइट होतेय. त्याची काळजी चुकीची नव्हती पण आठ इंच कापायचे कुठून हे विचारायला हवं होतं.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकावा असं एकाने सुचवलं. स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह उघडायलाच जितका दाब लागतो तेवढा या सिस्टिममध्ये दिवसासुद्धा नसतो, म्हणजे रात्रीची गळती थांबेल आणि दिवसाचं तापणंही. टाकी वर उचलायला जागा नाही. मग काकाच म्हणाले, टाकी वर जात नाही तर पॅनल खाली आणू. पॅनलचे पाय गच्चीपासून फूटभर होते ते कापून चार इंचांवर आणले, गच्चीवर पावसाचं पाणी साचलं तरी तेवढं पुरतं. आठ इंच मिळाले, फरक फूटभर झाला. त्याचबरोबर पॅनल-टाकीमधल्या दोन्ही पाइपांना नायट्राइल फोम आणि त्यावर अॅल्युमिनियम टेप, नुसता काळा फोम उन्हात दोन वर्षांत भुगा होतो. पुढच्या पहाटे हेडर बर्फासारखा गार, टाकीत ४८. काकांनी मला सहा वाजता फोन करून सांगितलं!

राहिला बादलीपर्यंतचा पाइप. गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर. प्लंबर पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप) टाकत होता. पाऊण इंचीत १५ मीटरला जवळपास ४ लिटर पाणी उभं राहतं, अर्धा इंचीत दोनपेक्षा कमी. रोज सकाळी पहिलं एवढं पाणी गार येणार आणि आंघोळी संपल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवणार, त्यामुळे हॉट लाइन अर्धा इंचीच केली. बादली भरायला थोडा वेळ जास्त लागतो, वरच्या मजल्यावर तर धार अजून बारीक, वहिनींना सुरुवातीला आवडलं नव्हतं. पण बादलीत ४६-४७ येतं. पीव्हीसीचा साधा पाइप गरम पाण्याला वापरू नका, मऊ पडून वाकतो.

गीझर काढला नाही. सोलरची लाइन गीझरच्या इनलेटला दिली, दोन बॉल व्हॉल्व्ह लावून बायपास ठेवला, म्हणजे गीझरला वळसा घालून पाणी सरळ नळाला. थंडीत आणि उन्हाळ्यात बायपास. पावसाळ्यात ढगाळ उजेडातही पाणी आठ-दहा अंश चढतं, तेवढं काम गीझरचं कमी. मे महिन्यात टाकीतलं पाणी फारच तापायला लागलं की अर्ध्या पॅनलवर जुनी चादर. चार वर्षांचा मुलगा घरात आहे म्हणून नियम केलाय की बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, ६० अंश पाण्याने मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. काकूंना हेच पाणी वरणभाताला घ्यायचं होतं, गॅस वाचेल म्हणून. त्यांचा विचार बरोबर होता पण व्हेंट उघडा असलेल्या, पावसाळ्यात दिवसेंदिवस कोमट राहणाऱ्या टाकीतलं पाणी पोटात जाऊ नये, म्हणून नाही म्हटलं. गावाला आठ-दहा दिवस गेले तर आल्यावर टाकी एकदा पूर्ण रिकामी करतात.

वाऱ्याबद्दल एक. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला. तेवढ्या वाऱ्यात आमच्या दोन चौरस मीटर पॅनलवर १२० किलोच्या आसपास जोर येतो. कोब्यात भोकं पाडून बोल्ट मारले असते तर खालच्या खोलीत गळती ठरलेली, म्हणून काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर स्टँड आणि तिथून जिन्याच्या भिंतीला अँगलने पकड. भरलेली टाकी भिंतीच्या रेषेवर, स्लॅबच्या मधोमध नाही.

पैशांचं म्हणाल तर सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास गेले, त्यात टाकी आणि तांबं हेच मोठे. बाजारात १०० लिटरची काचेच्या ट्यूबवाली सिस्टिम साधारण याच भावात बसते. त्यामुळे ज्याच्या घरात फिटर नाही, ज्याला हाताने काम करायची आवड नाही, त्याने सरळ ती घ्यावी आणि आपलं डोकं टाकीची उंची, पाइपाची जाडी आणि फोम यावर लावावं, तिथेही याच चुका होतात. काकांच्या बाबतीत जमेची बाजू ही की यातला प्रत्येक जोड त्यांना माहितीये, काही बिघडलं तर कोणाची वाट बघायची नाही. बचत म्हणाल तर विजेचे रोज दोन-अडीच युनिट, आणि महावितरणचं बिल स्लॅबप्रमाणे चढत असल्याने वाचलेले युनिट वरच्या, महागड्या स्लॅबमधले असतात हे लक्षात घ्या. डब्यांच्या पाण्याचा महिन्याला चार-पाच किलो गॅस वाचतो, १९ किलोच्या सिलिंडरचा जवळपास पाव भाग. काकूंना याचंच जास्त कौतुक.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला कोणी हे करणार असेल तर आधी पाण्याचा हार्डनेस तपासा. नवी मुंबईत महापालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणाचं, मऊ आहे. बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर अर्धा इंची पाइपात क्षार बसतात, गरम पाण्यात तर लवकर, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता शेजारच्या रो-हाऊसवाल्यांनाही हवाय. त्यांची गार पाण्याची टाकी मात्र जिन्याच्या खोलीवर नाही, गच्चीच्या पातळीवरच दोन फुटांच्या कट्ट्यावर आहे. तिच्या खाली गरम टाकी आणि त्याच्याही खाली पॅनल बसवायला जागाच नाही. काकांनी त्यांना सांगितलंय की आधी ती टाकी वर चढवा, पॅनलचं सामान त्यानंतर आणू.